फोटोला कुणी सांगितलंच नव्हतं

“तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या समोर बसू नये, मने. शेजारी बसावं. समोर बसलं की त्याचं तोंड दिसतं. शेजारी बसलं की हात दिसतात.”

आत्या हे सांगायची तेव्हा तिच्या पुढ्यात कुणाच्या तरी शिलाई मशीनचं पोट उघडं पडलेलं असे, बोटं तेलाने काळी झालेली असत आणि मशीनची मालकीण शेजारच्या स्टुलावर बसून एक चिंधी शिवून दाखवत असे. दहांतली सहा मशीनं बिघडलेलीच नसत म्हणे. कुणी चाक उलटं फिरवी, कुणी सुईची पाठ पुढे करून बसवी. आत्या हातांकडे बघत राही, मग हळूच चाकावर बोट ठेवून म्हणे, “हे बघा हं…” आणि बाई हसत हसत घरी जाई.

आईवडील लवकर गेले, म्हणून पोर आत्याकडे वाढली. चालताना पावलं वाजत नाहीत, आली कधी नि गेली कधी कळत नाही, म्हणून आत्याने तिचं नाव मनी ठेवलं. ते नाव तिला इतकं चिकटलं की खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं. मोठी होऊन मनीही दुरुस्तीच्याच धंद्यात पडली. फक्त तिच्या मशीनला चाक नव्हतं, सुई नव्हती. ती प्रोग्राम लिहायची, आणि कुठे काही अडलं की साहेब तिलाच पाठवायचे. कारण ती कुणावर आवाज चढवत नसे. चढवायचा म्हटला तरी तिला तो सापडलाच नसता.

त्या मंगळवारी सकाळी शहरावर दाट धुकं उतरलं होतं. फोटोंचं संग्रहालय पूर्वी पाणीपुरवठ्याचं कार्यालय होतं; त्याला तीन दारं होती आणि मनी नेमक्या नको त्या दाराने आत शिरली. लांब खोली होती. भिंतीला छतापर्यंत खोकी, मधोमध एक मोठं टेबल आणि टेबलावर ओणवा झालेला एक माणूस. हातांत पांढरे सुती मोजे, गळ्यात काळ्या दोरीत अडकवलेलं भिंग.

“हलू नका,” तो मान वर न करता म्हणाला.

मनी जागच्या जागी थांबली.

“खिडकीचा उजेड फोटोवर चकाकत होता. तुमची सावली पडली आणि चेहरा दिसायला लागला. जरा… तशाच उभ्या राहता का?”

ती तशीच उभी राहिली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात मिटलेली छत्री. दोन मिनिटं झाली असतील, चार झाली असतील. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नुसत्या उभं राहण्याचा कुणाला तरी उपयोग होत होता, आणि तिला ते… आवडलं. मग त्याने मान वर केली, आणि भिंग डोळ्यावरून काढायचं विसरून तिच्याकडे पाहिलं. भिंगाआडचा एक डोळा एवढा मोठा दिसला की मनीला हसू आवरेना.

तो गडबडला. शहरातली माणसं आपला फोटो शोधायला मंगळवारी आणि गुरुवारी येत, ही त्यांतलीच, असं समजून त्याने खुर्ची पुढे केली आणि विचारलं, “सांगा. तुम्ही कोण, कुठे राहायचात तेव्हा?”

“मी फोटोत नाही,” मनी म्हणाली. “मी दुरुस्तीला आलेय.”

“अरे देवा,” तो म्हणाला. “म्हणजे माझ्यासाठीच आलात.”

गोष्ट अशी होती. शहरातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या मालकाने चाळीस वर्षांचे नऊ हजार फोटो खोक्यांत भरून संग्रहालयाला देऊन टाकले होते. फोटो होते, नावं नव्हती. शाळेचे वर्ग, बसचालकांचे गट, फुटबॉलचे संघ, कुणाचं पहिलं पाऊल, कुणाचा निवृत्तीचा दिवस… आणि सगळे अनोळखी. ती ओळख पटवायचं काम या माणसाचं. त्याला तिथे सगळे भिंगवालाच म्हणत. तीन महिन्यांसाठी तात्पुरता नेमलेला. शुक्रवारी मुदत संपत होती. आणि आदल्या आठवड्यात संग्रहालयाच्या प्रमुख, मोठ्या बाई, यांनी प्रदर्शनासाठी यादी छापायला घेतली, तेव्हा त्याने ओळख पटवलेल्या माणसांच्या नावांपुढे एकही फोटो नव्हता. एक्केचाळीस माणसं, सगळी रिकामी.

तो म्हणत होता, मी जोडले होते. बाई म्हणत होत्या, मग गेले कुठे? त्याच्या आधीच्या मुलीने जोडलेले सहाशे फोटो जागच्या जागी होते. बाईंनी मनीला आपल्या खोलीत बसवून शांतपणे सांगितलं की प्रोग्राममध्ये खोट निघाली तर ठीक. नाही निघाली तर हा माणूस तीन महिने नुसती भिंगं पुसत बसला होता असं समजून शुक्रवारी त्याला निरोप द्यावा लागेल. साहेबांनीही निघताना बजावलंच होतं की वापरणाऱ्याची चूक असणार, तेवढं लिहून घे आणि परत ये. शुक्रवारीच एका नव्या मोठ्या कामाची सूत्रं कुणाकडे द्यायची ते ठरणार होतं, आणि मनीचं नाव यादीत वर होतं.

मंगळवारचा अख्खा दिवस तिने शेजारच्या खोलीत एकटीने काढला. फोटो उघडायचा, माणूस जोडायचा, सेव्ह करायचं, बंद करायचं, पुन्हा उघडायचं. वीसदा केलं. वीसही वेळा जोडलेला माणूस जागेवर. पालथ्या घड्यावर पाणी! दुपारी भिंगवाल्याने दारावर टकटक करून चहा आणून ठेवला आणि विचारलं, काही सापडलं का. तिने नकारार्थी मान हलवली. जाताना त्याने दार इतक्या हळू लावलं, की मनीला वाटलं, हाही मनीच.

घरी आत्याने ताट वाढता वाढता एवढंच विचारलं, “बसलीस कुठे दिवसभर?” मनीने सांगितलं. आत्याने नुसती भुवई उचलली. ती भुवई म्हणजे अर्ध्या तासाचं भाषण होतं.

बुधवारी सकाळी मनीने खुर्ची उचलली आणि त्याच्या टेबलाशी, त्याच्या डाव्या हाताला नेऊन ठेवली.

“तुम्ही रोज करता तसं करा,” ती म्हणाली. “मी नाहीच असं समजा.”

“ते जरा अवघड आहे,” तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

त्याने एक खोकं पुढे ओढलं, उघडलं. मग त्यानेच विचारलं, “तुम्ही माझ्या कामाकडे बघताय की माझ्याकडे?”

“हातांकडे.”

“मग धुऊन येतो.”

“मोजे आहेत की.”

“तरी…” तो म्हणाला, आणि खरोखर जाऊन हात धुऊन आला.

बुधवारी फोटो शोधायला कुणी येत नसे, म्हणून तो करून दाखवत गेला आणि ती बघत राहिली. त्याची कामाची रीतच न्यारी होती. सगळं जग फोटो हातात घेऊन विचारतं, यात कोण कोण आहे? हा आधी माणसाला बसवून घ्यायचा. कोण, कुठे राहायचात, शेजारी कोण होतं, हसताना तोंडावर हात घ्यायची सवय होती का? ते सगळं त्या माणसाच्या पानावर लिहायचा, आणि मग खोक्यांमधून त्याला शोधून काढायचा. माणूस फोटोवर बोट ठेवून ‘हा मी’ म्हणाला, की त्याच माणसाच्या पानावरून ‘फोटो जोडा’ म्हणायचा.

“असं का करता?” तिने विचारलं. “आधी फोटो का नाही?”

“फोटो कुठे पळून जातोय? माणूस आलाय लांबून, आधी त्याचं ऐकून घ्यावं.” मग त्याने बसचालकांच्या गटाचा एक फोटो पुढे ओढला. “हे बघा. कॅमेऱ्याकडे सगळेच बघतात, त्यावरून काही कळत नाही. खांदे बघा. कोण कुणाकडे झुकलंय ते खांद्यांना लपवता येत नाही.”

मनीने खांदे बघितले. मग तिची नजर सहज समोरच्या कपाटाच्या काचेवर गेली. काचेत दोन खुर्च्या दिसत होत्या, आणि दोन माणसं… तिने हळूच आपला खांदा सरळ केला. त्यानेही केला. म्हणजे त्यानेही काच बघितली होती.

आणि तेवढ्यात तिला ते दिसलं. काचेतलं नव्हे, पडद्यावरचं. त्याने दाखवण्यापुरता एका माणसाच्या पानावर फोटो जोडला, सेव्ह केलं. फोटो त्या पानावर दिसत होता. दुसऱ्या पानावर जाऊन परत आला. तरी दिसत होता. मनीने आपल्या लॅपटॉपवर तोच माणूस उघडला. पान रिकामं!

तिने लॅपटॉप जवळ ओढला.

“मला पाच मिनिटं द्या,” ती म्हणाली, आणि पाच मिनिटांत तिला सगळं कळलं. कारण ती ओळ तिच्या ओळखीची होती. दोन वर्षांपूर्वी या संग्रहालयासाठी ही जोडणी तिनेच लिहिली होती. आधी फक्त फोटोच्या पानावरूनच माणूस जोडता यायचा. मग संग्रहालयाने मागितलं म्हणून माणसाच्या पानावरही एक बटण हवं झालं, आणि तिने ते एका दुपारी, घाईघाईत, बसवून दिलं होतं.

तिने त्याला समजावून सांगितलं. तिला जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत. प्रोग्राममध्ये माणूस आहे, फोटो आहे, आणि कोण कुठल्या फोटोत आहे ते लिहून ठेवणारा एक तिसरा तक्ता आहे. त्या तक्त्यात लिहायचं काम दोघांपैकी एकाकडेच सोपवावं लागतं. इथे ते फोटोकडे दिलंय. तुम्ही माणसाकडून जोडलंत की माणूस आपल्याजवळ फोटो ठेवून घेतो, तुम्हाला दाखवतोही. पण सेव्ह करायच्या वेळी प्रोग्राम माणसाला विचारतच नाही. तो फोटोला विचारतो, तुझ्यात कोण आहे? आणि फोटो म्हणतो, मला तर कुणी काहीच सांगितलं नाही.

“मग पान बंद झालं की…”

“मग ते गेलं. माणसाने मनात धरलेलं होतं, लिहिलेलं कुठेच नव्हतं.”

त्याने खिडकीबाहेर बघितलं. धुकं थोडं विरळ झालं होतं; पलीकडच्या रस्त्यावर एक सायकल कुठून तरी उगवून कुठे तरी विरून गेली. “म्हणजे एक्केचाळीस माणसांनी ठेवलेली बोटं हवेतच राहिली.” मग तो हसला, पण ते हसू काही गोड नव्हतं. “ज्याने कुणी हे लिहिलंय ना, त्याला फोटो फार आवडत असणार. माणसं नाहीत.”

‘तो माणूस मीच’ हे शब्द मनीच्या जिभेच्या टोकापर्यंत आले, आणि तिथेच बसून राहिले. उठेनात.

“जरा जास्तच बोललो का?” त्याने विचारलं.

“नाही…” ती म्हणाली. “तुमचं बरोबर आहे.”

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. तिने खोट सांगितली. साहेब म्हणाले की दुरुस्ती करून टाक, दोन ओळींचं तर काम आहे. पण अहवालात मात्र लिही की वापराच्या पुस्तिकेत ‘आधी फोटो उघडा’ असं छापलेलं होतं आणि ते पाळलं गेलं नाही. त्यात खोटं काही नाही. पुस्तिकेत छापलेलं होतंच. मनीनेच छापलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचे किती सभ्य मार्ग असतात, ते तिला त्या दिवशी समजलं.

गुरुवारी सकाळी रोजच्या नेमाप्रमाणे ती डोळे मिटून बसली. दिवसातली ती दहा मिनिटं तिने कधी चुकवली नव्हती. परीक्षा असो, ताप असो. पण त्या दिवशी मन काही केल्या बसेना. देवापुढे तरी खरं बोलावं म्हणून ती मनात म्हणाली, ‘त्याची नोकरी जाईल म्हणून मी अस्वस्थ आहे.’ आणि आतून कुणीतरी हळूच म्हणालं, ‘एवढंच?’

एवढंच नव्हतं. त्याने आपल्याकडे पुन्हा त्या मोठ्या डोळ्याने, तसं बघावं असं तिला वाटत होतं. आणि खरं सांगितल्यावर तो तसा कसा बघेल, ही भीती होती.

ती लवकर गेली. दुरुस्ती केली. माणसाकडून जोडलं तर फोटोलाही सांगायचं. खरंच, दोनच ओळी. मग भिंगवाल्याला म्हणाली, खोट्या माणसांची तीन-चार पानं तयार करा, फोटो जोडून बघा, टिकतात का पाहू. तो मन लावून ती पानं भरत बसला. मध्येच थांबून विचार करायचा, मग हसून पुढे लिहायचा. जोडलेले फोटो टिकले. तिने बंद करून, उघडून, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बघितलं. टिकले.

“इतक्या हळू बोलता,” तो म्हणाला, “या मशीनला तरी ऐकू जातं का?”

“नाही जात, म्हणून तर लिहावं लागतं.”

“मग मीही लिहूनच बघतो,” तो म्हणाला. मनीला वाटलं, कामाबद्दलच बोलतोय.

दुपारी टपालकाका आले. निवृत्त टपालवाले, ऐंशीच्या पुढचे, हातात काठी. महिन्यापूर्वी त्यांनी एका फोटोवर बोट ठेवलं होतं. टपाल कचेरीच्या पायऱ्यांवर एकोणीस वर्षांचे ते, आणि दोन पायऱ्या खाली तिकिटं विकणारी मुलगी, जी पुढे त्यांची बायको झाली. आता ती नव्हती. दोघांचा एकत्र असा लग्नाआधीचा तेवढाच फोटो, आणि तो पुन्हा एकदा बघावा म्हणून ते आले होते. भिंगवाल्याने त्यांचं पान उघडलं. पान रिकामं होतं.

“मी बोट ठेवलं होतं ना, बाळा?” काकांनी विचारलं. त्यांना स्वतःचीच शंका आली होती. “ठेवलं होतं का नव्हतं?”

“ठेवलं होतं, काका. चूक आमची झाली.”

टेबलाच्या पलीकडे बसलेल्या मनीने मान खाली घातली. आमची नव्हे!

भिंगवाल्याने खोक्यातून तो फोटो काढून त्यांच्या पुढ्यात धरला. कुठल्या पायरीवर कोण, हे त्याला तोंडपाठ होतं. पण तो स्वतःच्या आठवणीवरून कुणाचं नाव लिहीत नसे. ज्याचा चेहरा, त्यानेच बोट ठेवायचं. काकांनी फोटो जवळ नेला, लांब नेला. डोळ्यांत पडदा उतरत चालला होता. दुपारनंतर सगळंच धुकं, ते म्हणाले, सकाळी मात्र थोडं बरं दिसतं. पण टेकडीवरच्या घरातून खाली आणणारा शेजारी दुपारीच मोकळा असतो, सकाळी कोण आणणार?

“मग मीच येतो घरी,” भिंगवाला म्हणाला. “शनिवारी सकाळी.”

“नक्की?”

तो एक क्षण थांबला. शनिवारी तो इथे नोकरीला असेल की नाही, त्यालाही माहीत नव्हतं. मनीला ते माहीत होतं. ते तिच्याच हातात होतं.

“नक्की,” तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी मोठ्या बाईंच्या खोलीत तिघं बसली. मनीने एकपानी अहवाल टेबलावर ठेवला, आणि बाईंनी चष्मा शोधेपर्यंत स्वतःच वाचायला सुरुवात केली. आवाज नेहमीसारखाच हळू होता. बाईंना थोडं पुढे वाकावं लागलं. खोट प्रोग्राममध्ये आहे. ती कशी आहे, कशी दुरुस्त केली. भिंगवाल्याने केलेली जोडणी बरोबर होती. प्रोग्रामने ती लिहूनच घेतली नाही. गेलेल्या नोंदी परत मिळणार नाहीत. पुस्तिकेतलं वाक्य ही पळवाट आहे, कारण बटण दिलं की ते चाललंच पाहिजे. आणि शेवटची ओळ — ही जोडणी दोन वर्षांपूर्वी मी स्वतः लिहिली होती.

मनीने त्याच्याकडे बघितलं नाही. बघायचा धीरच झाला नाही.

“हे तुम्ही मला सही करून देताय?” बाईंनी विचारलं.

“दिलीय, बाई. खाली आहे.”

बाईंनी सही बघितली. मग चष्मा काढून बाजूला ठेवला आणि भिंगवाल्याकडे वळून म्हणाल्या की आठवडाभर मी तुला कामचुकार समजले, आणि मला माफी मागायची सवय नाही, तेव्हा चहा माझ्याकडून घे. मुदतवाढीचा कागद दुपारी तयार होईल. प्रदर्शनाला चोवीस दिवस आहेत आणि माणसं एक्केचाळीस. घरोघर जा नाहीतर डोक्यावर उभा राहा, पण सगळी बोटं पुन्हा पडली पाहिजेत.

मनी उठून लांब खोलीत आली. निघण्याआधी एकच काम राहिलं होतं. खोट्या माणसांची पानं पुसायची होती; खऱ्यांत खोटी राहिली तर पुढे कुणाचा तरी घोटाळा. तिने पहिलं पुसलं. दुसरं पुसलं. तिसरं उघडलं आणि हात थांबला.

नाव: विचारायचं राहून गेलं.
राहणार: शुक्रवारनंतर कुठे, माहीत नाही.
शेजारी कोण असायचं: तीन दिवस मी.
ओळखण्याची खूण: बोलते तेव्हा पुढे वाकावं लागतं. वाकायला हरकत नाही.
फोटो: एकही नाही. म्हणून जोडता येत नाही.

दार वाजलं नाही, पण तो आल्याचं तिला कळलं. तो मागे येऊन उभा राहिला. मग खुर्ची ओढून शेजारी बसला.

“ही चाचणीची नोंद आहे,” मनी पडद्याकडे बघत म्हणाली. “पुसावी लागेल.”

“हो… पुसा.” मग म्हणाला, “बुधवारी मी त्या माणसाला नाही नाही ते बोललो. तुम्ही ऐकून घेतलंत.”

“खरं होतं ते.”

“अर्धं. ज्याला माणसं आवडत नाहीत, तो असा कागद वाचत नाही. अशा कागदाने तुमचंही काही जाईल ना?”

“एक नवं काम. जाईल बहुतेक.”

“आणि वाईट वाटत नाहीये?”

मनीने खरंच शोधून बघितलं. “थोडं वाटतंय,” ती म्हणाली. “पण सकाळी डोळे मिटून बसले, तर मन लगेच बसलं. आज कितीतरी दिवसांनी.”

तो हसला. मग गळ्यातलं भिंग उगाचच हातात घेऊन फिरवत राहिला. “मी हे लिहिलं ते… तुम्ही वाचाल असं वाटलं नव्हतं. म्हणजे, वाटलं होतं. वाचावं असंच वाटत होतं. पण तेव्हा माझी नोकरी राहणार नव्हती, त्यामुळे फार धीर आला होता. आता नोकरी राहिली आणि धीर गेला.”

“मग मी सांगू?”

“काय?”

“उत्तरं.” मनीने एकेका ओळीवर बोट ठेवलं. तिचं खरं नाव सांगितलं, आणि घरी काय म्हणतात तेही. आत्याच्या बंद दुकानाच्या वरच्या खोल्या, पुलापासून तिसरी गल्ली. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. शेजारी कोण असायचं… “हे तीन दिवस नाही,” ती म्हणाली. इतकं हळू, की तो पुढे वाकला. “हे मला… पुढेही हवंय.”

टेबलावरचा तिचा हात त्याने हातात घेतला, आणि मग लक्षात येऊन हळूच सोडला, पांढरा मोजा काढला, आणि पुन्हा घेतला.

बाहेर धुक्यातून ऊन झिरपत होतं. खोक्यांतल्या नऊ हजार फोटोंतली माणसं गप्प होती. कितीतरी वेळाने मनीने दुसरा हात पुढे केला आणि ते पान पुसून टाकलं.

“अहो!” तो म्हणाला.

“खोटी नोंद आहे. खऱ्यांत ठेवायची नाही.” मग तिने त्याच्याकडे बघितलं. “तुम्हाला पाठ झालं ना सगळं?”

“पुलापासून तिसरी गल्ली.”

“मग झालं.”

उठता उठता त्याने एक्केचाळीस घरांचा विषय काढला. फोटोंच्या प्रती, कॉम्प्युटर, आणि समोर हळवी झालेली म्हातारी माणसं, हे सगळं एका माणसाला कसं जमायचं, असं तो म्हणाला. मदत मात्र मागितली नाही. मनीने ती मागू दिली नाही. त्या एक्केचाळीस जागा माझ्याच हाताने रिकाम्या झाल्यात, तेव्हा मी लिहायला बसेन, तुम्ही ऐकून घ्या, शनिवार-रविवार माझे. उद्या सकाळी आठला, टेकडीच्या पायथ्याशी.

“याल?”

“येईन,” मनी म्हणाली. “शब्द दिला.”

“आणि हे अहो-जाहो… सोडायचं का?”

“उद्या,” ती म्हणाली, आणि पावलं न वाजवता दाराबाहेरच्या पायऱ्या उतरून गेली.

संध्याकाळी साहेबांचा फोन आलाच. रागावले नव्हते, हेच अवघड होतं. त्यांनी मायेनेच सांगितलं की उद्या नऊला ये, दोघं बसून त्या अहवालाची भाषा जरा मवाळ करू, ती शेवटची ओळ काढू. अजून वेळ गेलेली नाही, ते काम तुझंच आहे. मनीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की अहवाल दिला तो दिला, आणि उद्या तिला एके ठिकाणी जायचंय.

“इतकं काय महत्त्वाचं आहे?” साहेबांनी विचारलं.

“एका आजोबांना सकाळीच दिसतं, साहेब,” ती म्हणाली. साहेबांना काही कळलं नाही, आणि तिने समजावलंही नाही.

शनिवारी ती नेहमीपेक्षा लवकर उठली. दहा मिनिटं बसली. लॅपटॉप बॅगेत ठेवला, चार्जर ठेवला, पाण्याची बाटली ठेवली. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. या घरात पावलं न वाजवणारी एकटी मनीच नव्हती.

“सुट्टीच्या दिवशी कुठे?”

“कामाला.”

“कामाला जाताना तू आरशात दोनदा बघत नाहीस.”

मनी वाकून चपलेचा पट्टा लावत राहिली. तो लागलेलाच होता. आत्याने पुढे काही विचारलं नाही. कागदात गुंडाळलेली पोळी-भाजी बॅगेत सरकवली. दोन माणसांची होती, ते हाताला लागलेल्या वजनावरून कळत होतं.

“चढ आहे तिकडे,” आत्या म्हणाली. “सावकाश जा.”

मनीने दार ओढून घेतलं, कडीचा आवाज होऊ न देता. गल्लीत अजून कुणी नव्हतं. पुलावर धुकं होतं, पण टेकडीचा माथा उजळला होता. काकांचा उजेड तासा-दोन तासांचा. तिने बॅगेचा बंद खांद्यावर नीट घेतला आणि चालायला लागली.